‘हाउंड डॉग’ नक्की कुणाचं?

इअरफोन लावलेत? पण गाणं इतक्यात सुरू करू नका, आधी गोष्ट ऐका.

‘हाउंड डॉग’ म्हटलं की एल्व्हिस प्रेस्ली आठवतो. पण त्याच्या चार वर्षं आधी, 13 ऑगस्ट 1952 ला, लॉस एंजेलिसमध्ये हे गाणं एका बाईने रेकॉर्ड केलं होतं. विली मे थॉर्नटन. अलाबामात जन्मलेली, धिप्पाड, कृष्णवर्णीय गायिका. सगळे तिला ‘बिग मामा’ म्हणायचे. गाणं तिच्यासाठीच लिहिलं होतं जेरी लीबर आणि माइक स्टोलर या दोन गोऱ्या ज्यू पोरांनी. वय? दोघंही 19.

तिच्या गाण्यातला कुत्रा हा कुत्रा नाहीच मुळी. तो आहे बाईच्या जिवावर आयतं खाणारा पुरुष, आणि ती त्याला दारातून हाकलतेय. थॉर्नटन हे गुरगुरत, हसत, दम देत गाते. शेवटी तर मागचे वादक चक्क भुंकतात! 1953 मध्ये हे गाणं बिलबोर्डच्या रिदम अँड ब्लूजच्या यादीत सात आठवडे पहिलं होतं.

लगेच मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्सने त्याला जवाब काढला, रूफस थॉमसचं ‘बेअर कॅट’. आपल्या तमाशातला सवाल-जवाब असतो ना, तसंच. फक्त चाल जवळजवळ तीच. थॉर्नटनच्या पीकॉक कंपनीचा मालक डॉन रोबी कोर्टात गेला आणि जिंकला. म्हणजे मालकांचे हक्क तेव्हाही व्यवस्थित सांभाळले जात होते, बरं का.

मग 1955 मध्ये फ्रेडी बेल आणि त्याच्या बेलबॉइज बँडने शब्द बदलले. पुरुषाला हाकलणारी बाई गेली, गाणं खरोखरच्या कुत्र्याचं झालं, सशाबिशासकट. 1956 च्या वसंतात एल्व्हिसने लास व्हेगासमध्ये त्यांचा कार्यक्रम पाहिला आणि हेच रूप उचललं. 1 जुलैला टीव्हीवर स्टीव्ह ॲलनच्या कार्यक्रमात त्याला टेलकोट घालून एका बॅसेट हाउंड कुत्र्यासमोर ते गायला लावलं. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्डिंग, तीसच्या आसपास टेक. डी. जे. फॉन्टानाचे ते बंदुकीच्या फैरीसारखे ड्रम ऐका. मला विचाराल तर गाण्याचा अर्थ गेला, पण ताकद जबरदस्त आली. दोन्ही खरं आहे.

रेकॉर्ड सुटली तेव्हा स्टोलर युरोपहून परतत होता. त्याचं जहाज, ‘आंद्रेआ डोरिया’, जुलैच्या अखेरीस टक्कर होऊन बुडालं. तो वाचून न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरला, तर लीबर बातमी घेऊन उभा: ‘हाउंड डॉग’ तुफान चाललंय! स्टोलरला वाटलं, थॉर्नटनचंच. नाही, कुणा एल्व्हिस प्रेस्लीचं. नवे शब्द लीबरला कधीच आवडले नाहीत, पण गाण्यावर नाव त्यांचंच असल्याने पैसे त्यांना मिळाले.

आणि थॉर्नटनला? इथे कायदा समजून घ्या. अमेरिकेत 1909 पासून नियम असा की गाण्याची रेकॉर्ड एकदा बाजारात आली की कुणीही त्याचं कव्हर करू शकतो. तेव्हा दर प्रतीमागे ठरलेले 2 सेंट गाण्याचे हक्क असणाऱ्यांना द्यावे लागत. ज्याच्या आवाजाने गाणं घडलं, त्याला त्यात काहीच नाही. थॉर्नटन गायिका होती, गीतकार नव्हती. एल्व्हिसच्या लाखो प्रतींतून तिला छदाम मिळाला नाही. स्वतःच्या रेकॉर्डचे तरी? ती मुलाखतींत सांगायची, 500 डॉलरचा एक चेक आला, पुन्हा काही नाही.

याची दुसरी बाजू पण आहे. ‘बॉल अँड चेन’ हे गाणं थॉर्नटनने स्वतः लिहिलेलं. जॅनिस जॉपलिनने तिचं ऐकून ते घेतलं, 1967 मध्ये मॉन्टेरीच्या महोत्सवात गायलं आणि पुढच्या वर्षी ‘चीप थ्रिल्स’ अल्बममध्ये आलं. तेही कव्हरच, पण जॅनिस थॉर्नटनचं नाव मोकळेपणाने घ्यायची.

थॉर्नटन 1984 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये वारली. एल्व्हिस रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेला 1986 ला, लीबर-स्टोलर 1987 ला. थॉर्नटनचं नाव तिथे लागलं 2024 मध्ये.

चला, आता लावा गाणं. आधी तिचं, मग त्याचं.