खांदा की कान? बंदुकीच्या धक्क्याची आणि आवाजाची गोष्ट

 

तोफा-बंदुकांच्या इतिहासात आपण नेहमी विचारतो की गोळा किती लांब गेला, किती भिंती पाडल्या, कोण जिंकलं. आज मी उलट्या बाजूने बघणार आहे. बार काढल्यावर नळीच्या मागे उभ्या असलेल्या माणसाचं काय होतं? त्याच्या खांद्याला बसणारा धक्का आणि त्याच्या कानाला बसणारा आवाज, ही आजची गोष्ट. तिच्यात एक बाप आहे, एक मुलगा आहे, एक कायदा आहे आणि शेवटी आपली जबलपूरची तोफही आहे.

आधी धक्का म्हणजे काय ते बघू. ज्यांनी एनसीसी केलं आहे त्यांना उस्तादांचं वाक्य आठवत असेल, ‘बट खांद्याला घट्ट लाव.’ मीही ते ऐकलं आहे. बट आणि खांदा यांच्यात फट राहिली की रायफल मागे येऊन ठोसा मारते. घट्ट धरली तर तोच जोर सगळ्या अंगात वाटला जातो. गोळी पुढे जाते म्हणून रायफल मागे येते, इतकं शाळेत शिकवलेलं असतं. पण पुढे फक्त गोळी जात नाही. जुन्या थ्री-नॉट-थ्रीची गोळी साधारण ११ ग्रॅमची आणि तिच्या मागे सव्वादोन-अडीच ग्रॅम कॉर्डाइट दारू. ती दारू जळून वायू होते आणि गोळीपेक्षाही जास्त वेगाने नळीच्या तोंडातून बाहेर पडते. धक्क्याचा सुमारे पाव हिस्सा या वायूचा असतो. आणि कानठळ्या बसवणारा आवाज? तोही मुख्यतः त्याच वायूचा. म्हणजे खांद्याचा आणि कानाचा चोर बऱ्याच अंशी एकच आहे. हे एवढं लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे.

मागे सरकणारी तोफ

कित्येक शतकं या धक्क्याला उत्तर एकच होतं : सरकू द्या. तोफ बार काढून गाड्यासकट मागे जायची. गोलंदाजांनी ती परत ढकलत जागेवर आणायची, पुन्हा नेम धरायचा, पुन्हा बत्ती द्यायची. अरुंद बुरुजावर किंवा जहाजाच्या डेकवर मागे येणारी तोफ स्वतःच्याच माणसांना चिरडू शकत असे, म्हणून जहाजावर ती जाड दोरांनी जखडलेली असायची. पानिपतावर अब्दालीच्या उंटांवर ज्या जंबुरका होत्या, तिथे हा धक्का उंटाने सोसायचा. त्या मुक्या जनावराला कोणी विचारलं नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्समध्ये त्रेय द बोल्यू नावाच्या तोफखान्याच्या अधिकाऱ्याने वेगळा विचार केला. वायू पुढे जातोय म्हणून तोफ मागे येतेय ना? मग नळीच्या तोंडाशी भोकं पाडून त्या वायूला बाजूला आणि मागे वळवलं तर? वळताना तो नळीला पुढे ओढेल आणि धक्का कमी होईल. यालाच आज आपण मझल ब्रेक म्हणतो. ब्रेक म्हणजे अक्षरशः ब्रेक, मागे येणाऱ्या तोफेला लावलेला.

कल्पना बरोबर होती, पण तिचा काळ आला नव्हता. त्याआधी दुसरा तोडगा गाजला. १८९७ साली फ्रान्सने ७५ मिलिमीटरची तोफ आणली. तिच्यात तेल आणि दाबलेली हवा यांची यंत्रणा होती. बार झाला की फक्त नळी मागे सरकायची आणि अलगद जागेवर यायची, गाडा हलायचाच नाही. नेम पुन्हा धरायला नको. मिनिटाला १५ गोळे सहज. सगळ्या जगाच्या तोफखान्याने हेच तंत्र उचललं.

बाप

आता रायफलकडे येऊ. हिरम स्टीव्हन्स मॅक्झिम, जन्म १८४०, अमेरिकेतल्या मेन राज्यातला. शिक्षण बेताचं, हात मात्र सोन्याचे. त्याने स्वतः सांगितलेली आठवण आहे की लष्करी रायफल चालवून त्याचा खांदा काळानिळा झाला होता. कोणीही खांदा चोळत घरी गेला असता. हा माणूस म्हणाला, इतकी ताकद फुकट जातेय, तिला कामाला लावू. धक्क्यानेच रिकामं काडतूस बाहेर फेकायचं, नवं आत घ्यायचं आणि पुन्हा बार काढायचा. १८८४ साली लंडनमधल्या हॅटन गार्डनच्या कारखान्यात त्याची मशीनगन तयार झाली. मिनिटाला सुमारे ६०० गोळ्या.

तिचा पुढचा प्रवास आपल्या दारावरून जातो. १८९५ ला चित्रालच्या मोहिमेत ब्रिटिश-हिंदी फौजेकडे मॅक्झिम होत्या. ३१ मार्च १९०४ ला तिबेटमध्ये गुरू गावाजवळ, यंगहजबंडच्या मोहिमेत, तोड्याच्या बंदुका आणि तलवारी घेतलेल्या तिबेटींवर दोन मॅक्झिम चालल्या. काही मिनिटांत शेकडो माणसं पडली. ती फौज निघाली होती हिंदुस्थानातून आणि तिच्यात शीख आणि गुरखा शिपाई होते. हे आपण विसरू नये.

१९०१ मध्ये मॅक्झिमला ‘सर’ ही पदवी मिळाली. १ जुलै १९१६ ला, सोमच्या लढाईच्या पहिल्या दिवशी, ब्रिटिशांचे १९,२४० सैनिक मेले. समोरची जर्मन मशीनगन मॅक्झिमच्याच आराखड्यावरची होती आणि ब्रिटिशांची व्हिकर्सही त्याचीच लेक. लढाई संपल्यावर आठवडाभरातच, २४ नोव्हेंबरला, मॅक्झिम लंडनमध्ये वारला. उतारवयात तो जवळजवळ ठार बहिरा होता. आयुष्यभर स्वतःच्या बंदुकांशेजारी उभं राहण्याची ती किंमत. धक्क्याला त्याने नोकर बनवलं, आवाजाने मात्र त्याच्याकडून वसुली केली.

मुलगा

त्याचा मुलगा हिरम पर्सी मॅक्झिम, जन्म १८६९. बाप युरोपात निघून गेला, मुलगा आईजवळ अमेरिकेत वाढला. एमआयटीतून इंजिनिअर झाला आणि कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला मोटारगाड्या बनवू लागला. ३० मार्च १९०९ ला त्याला बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट मिळालं.

बहिऱ्या बापासाठी मुलाने सायलेन्सर शोधला, अशी गोष्ट जोडायचा मोह होतो. पण पर्सीने सांगितलेलं कारण साधं आहे. त्याला नेमबाजीची हौस होती आणि आपल्या आवाजाचा शेजाऱ्यांना त्रास होतो हे त्याला खटकायचं. बस्स. न्हाणीच्या टबातलं पाणी मोरीत जाताना भोवरा घेतं, घाईने बाहेर पडत नाही, हे पाहून त्याला सुचलं की वायूलाही असाच गिरक्या घालायला लावू. वायू आत रेंगाळला, थंडावला, हळू बाहेर आला की आवाज पडतो.

आणि इथे आपला चोर पुन्हा सापडतो. तोच वायू हळू बाहेर आला म्हणजे धक्काही कमी झाला. मॅक्झिमच्या जाहिरातींत ही गोष्ट ठळकपणे सांगितलेली असे : आवाज कमी आणि खांद्यालाही आराम. १९१० च्या सुमारास अमेरिकी सैन्याने चाचण्या घेतल्या, तेव्हा हे दोन्ही फायदे दिसले.

आपल्या बुलेटला किंवा स्कूटरला जो सायलेन्सर असतो, तो याच घराण्यातला. पर्सीची कंपनी पुढे बंदुकीचं काम सोडून इंजिनांच्या सायलेन्सरकडेच वळली. ज्या सायलेन्सरशी छेडछाड करून आपल्याकडची पोरं रात्री फटाके वाजवत फिरतात आणि पोलीस ते जप्त करून रोडरोलरखाली घालतात, त्याचा बंदुकीवरचा भाऊबंद शेजाऱ्यांना त्रास नको या विचारातून आला आहे! आणखी एक गंमत. जगभरातले हॅम रेडिओवाले याच पर्सीला मानतात, कारण १९१४ साली अमेरिकन रेडिओ रिले लीग त्यानेच उभारली. डब्ल्यू-वन-ए-डब्ल्यू ही त्याची खूण आजही हवेत ऐकू येते.

ब्रेक आणि सायलेन्सर, दोघांची फारकत

पहिल्या महायुद्धानंतर मझल ब्रेकचा काळ आला. १९२० च्या दशकात अमेरिकी मरीन अधिकारी रिचर्ड कट्स याचा कॉम्पेन्सेटर थॉम्पसन बंदुकीच्या तोंडावर बसला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन टायगर रणगाड्याच्या लांब तोफेच्या टोकाला जो जाड ‘गड्डा’ दिसतो, तो मझल ब्रेक. ब्रिटिशांच्या आणि आपल्याही सैन्याने वापरलेल्या २५ पौंडी तोफेला रणगाडे फोडणारा जोरदार गोळा दिला, तेव्हा तिलाही ब्रेक बसवावा लागला.

पण फुकट काही मिळत नाही. वायू मागे वळवला की त्याच्याबरोबर दणकाही मागे येतो, थेट गोलंदाजांच्या कानांवर. जमिनीवरची धूळ उडते, पुढचं दिसत नाही आणि शत्रूला तुमची जागा कळते. ब्रेक खांद्याचं रक्षण करतो आणि कान पणाला लावतो.

सायलेन्सरच्या वाट्याला वेगळंच आलं. १९३४ साली अमेरिकेने टोळीयुद्धांच्या पार्श्वभूमीवर नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट केला. चर्चेचा रोख मशीनगनवर होता, पण यादीत सायलेन्सरही आला. प्रत्येक सायलेन्सरवर २०० डॉलर कर, वस्तूच्या किमतीच्या कितीतरी पट. मग हेरगिरी आणि सिनेमा यांनी उरलेलं काम केलं. युद्धातल्या वेलरॉड पिस्तुलासारख्या छुप्या हत्यारांमुळे सायलेन्सर म्हणजे मारेकऱ्याची वस्तू हे समीकरण पक्कं झालं. पडद्यावर नुसतं ‘फुस्स’ होतं आणि माणूस पडतो.

खरं गणित असं आहे. रायफलचा बार साधारण १६० डेसिबलचा. एकाच दणक्यात कानाला कायमची इजा होऊ शकते ती मर्यादा १४० च्या आसपास धरतात. चांगला सायलेन्सर २० ते ३० डेसिबल कमी करतो. म्हणजे उरतो तो आवाजही मोठाच. शिवाय गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जाते, तिचा हवेतला कडाका कोणीच थांबवू शकत नाही. सायलेन्सरने शांतता येत नाही, फक्त कान वाचायची शक्यता वाढते. म्हणूनच नॉर्वेत शिकारी तो सर्रास वापरतात. आणि अमेरिकेतला तो २०० डॉलरचा कर २०२५ च्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला गेला, नोंदणी मात्र राहिली.

आता प्रश्न येतो : सायलेन्सरच्याच तोंडावर ब्रेक का नको? एका दगडात दोन पक्षी. अशा जोड्या आज बनतातही. पण पदरात पडतं ते थोडं. कारण ब्रेकला जोर मिळतो तो घाईतल्या वायूकडून आणि सायलेन्सरने ती घाई आधीच काढून घेतलेली असते. हा खिशातला एकच रुपया आहे, दोन दुकानांत खर्च करता येत नाही. उलट वायू मोकळा सोडून ब्रेकला जास्त दिलात, तर आवाज परत येतो. दोन्ही गोष्टी एकाच वायूच्या असल्यामुळे तडजोड टळत नाही.

आपल्या दारात

आपल्याकडे या गोष्टीचं पान लिहिलं गेलं ते बोफोर्सपासून. १९८६ चा करार, १५५ मिलिमीटरच्या ४१० तोफा. त्यावरच्या राजकारणाबद्दल सगळे बोलतात. १९९९ ला कारगिलमध्ये त्या तोफांनी काय केलं, तेही आपण टीव्हीवर पाहिलं. त्या चित्रांतल्या नळीच्या टोकाकडे आणि मग शेजारी उभ्या जवानांकडे पुन्हा एकदा बघा. बार होताना कान झाकणारे हात दिसतील.

त्याच आराखड्यावरून जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीने ‘धनुष’ घडवली. २०१७ च्या चाचण्यांत गोळा बाहेर पडताना मझल ब्रेकवरच आदळला, अशा बातम्या आल्या होत्या. बाहेरून बघणाऱ्याला टोकावरचा तो तुकडा किरकोळ वाटतो. पण गोळ्याला त्याच्या पोटातून तंतोतंत मधून जायचं असतं. केसभर चूक झाली की सगळी तोफ थांबते. ती अडचण निस्तरून २०१९ मध्ये धनुष सैन्याच्या हाती पडली. पुण्यातल्या पाषाणची एआरडीई ही संस्था तर १९५८ पासून हेच करते आहे, इन्सास रायफलपासून लांब पल्ल्याच्या नव्या तोफेपर्यंत.

या इतिहासातून मला जाणवलं ते सांगतो. धक्क्यावर माणसाने दीडशे वर्षं डोकं चालवलं, कारण धक्क्यामुळे नेम चुकतो, बार काढायला वेळ लागतो, लढाई हरता येते. कानाने मात्र लढाई हरत नाही. बहिरा झालेला गोलंदाज पेन्शनीत जातो, टीव्हीचा आवाज मोठा करतो, नातवंडं ‘आजोबा, किती ओरडता’ म्हणतात, आणि विषय संपतो. खांद्याची जखम सैन्याची आणि कानाची जखम घरची, अशी ही वाटणी झाली. तुमच्या घरात, ओळखीत तोफखान्यातलं कोणी असेल, तर यावेळी भेटाल तेव्हा पराक्रम विचाराच, पण जरा जवळ बसून, सावकाश बोला. आणि ते जे सांगतील ते लिहून ठेवा. गॅझेटात ते सापडणार नाही.

पुढच्या भागात आपण दारूगोळ्याच्या कारखान्यांकडे, खडकीच्या दिशेने जाऊ. तोवर नमस्कार.