गुराबेच्या नाळेवरील दोन तोफा

१/ अठराव्या शतकातील युरोपीय युद्धनौकेचे सामर्थ्य तिच्या कुशींत असे. दोन्ही बाजूंना तोफांच्या रांगा. पिछाडीस मात्र मोजक्याच. आंग्र्यांच्या आरमाराने नेमके हेच हेरले.

२/ गुराब दोन वा तीन डोलकाठ्यांची, साधारण १५० ते ३०० टनांची. तिच्या बाजूंनाही तोफा असत. पण विशेष होता तो नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, समोर मारा करणाऱ्या दोन तोफांचा. त्या ९ ते १२ पौंडी गोळे फेकीत.

३/ गलबत त्याहून लहान, फार तर ७० टनांचे. त्यावर २ ते ४ पौंडी गोळ्यांच्या ६ ते ८ तोफा आणि ४०-५० वल्ही. वारा पडला की शत्रूचे जहाज जागीच खिळे. गलबते मात्र गुराबांना ओढीत त्याच्या पिछाडीस नेत. तेथून डोलकाठ्यांवर मारा होई. जहाज पांगळे झाले की गलबतांतील शिपाई त्यावर चढत.

४/ १७५४ मध्ये तुळाजी आंग्र्यांच्या आरमाराने ५०, ३६ व १८ तोफांची तीन डच जहाजे गाठली. दोन जळाली, तिसरे हाती लागले.

५/ या डावपेचांना मोकळे पाणी हवे. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांचे सैन्य जमिनीवरून आणि इंग्रज समुद्रावरून तुळाजींवर चालून आले. विजयदुर्गाच्या बंदरात एकमेकांना बांधून ठेवलेली जहाजे इंग्रजांच्या माऱ्याने पेटली. ज्या आरमाराला समुद्रावर गाठणे कठीण होते, ते बंदरातच जळाले. आणि त्या मोहिमेत मराठी सत्ताच इंग्रजांच्या जोडीला उभी होती.