जयगड कुणाचा?

जयगड म्हटले की बाहेरच्या माणसाला बहुधा राजस्थानातला जयगढ आठवतो. जयपूरजवळ, अरवलीच्या डोंगरावर, सवाई जयसिंगाच्या काळातला तो किल्ला. तिथे 1720 साली ओतलेली अजस्र जयवाण तोफ आहे, खाली आमेरचा महाल आहे, महालात आरशांची दालने आहेत. आमचा जयगड रत्नागिरी जिल्ह्यातला. शास्त्री नदी समुद्राला मिळते तिथे, दक्षिण तीरावरचा. इथे आरसेमहाल नाही, सिंहासन नाही, हत्तीवरून फेरी नाही. जांभा दगड, खारा वारा आणि समोर पसरलेली खाडी, एवढेच त्याचे वैभव. तरीही आमच्या लोकांनी हा किल्ला एकदा नीट पाहावा असे आम्हाला वाटते, कारण हल्ली जो प्रश्न आपल्याला वारंवार विचारला जातो, त्याचे उत्तर या तटबंदीत आहे.

मुंबई–गोवा महामार्गावरच्या निवळी फाट्यावरून जयगडला रस्ता जातो. गणपतीपुळे आणि मालगुंड करूनही जाता येते. जमिनीकडच्या बाजूने खोल खंदक लागतो, त्यानंतर दोन बुरुजांच्या मधला दरवाजा. आत गणपतीचे देऊळ आहे, विहिरी आहेत, आणि छप्पर उडालेली एक तीनमजली इमारत आहे. लोक तिला आंग्र्यांचा वाडा म्हणतात. किल्ल्यापासून खाली खाडीकाठापर्यंत तट उतरत जातो. बुरुजावर उभे राहिले की पलीकडे गुहागर तालुक्यातले तवसाळ दिसते आणि मधून माणसे-गाड्या घेऊन जाणारी फेरीबोट दिसते. हा किल्ला इथेच का बांधला, हे सांगायला मग कुणी लागत नाही. शास्त्री नदीतून वर संगमेश्वरापर्यंत व्यापार चाले. मुखावर जो बसला, जकात त्याच्या हातात.

आता तो प्रश्न. किल्ला कुणाचा? आपल्यातले काही जण छाती पुढे काढून सांगतात, विजापूरच्या आदिलशहांनी सोळाव्या शतकात बांधला, म्हणजे आपला. दुसरीकडून उत्तर येते, कान्होजी आंग्र्यांचा, म्हणजे तुमचा नाही. दोन्ही उत्तरे एकाच साच्यातली आहेत. राजाचा धर्म पाहायचा आणि किल्ल्याची वाटणी करायची. जयगडचा इतिहास मात्र या वाटणीला दाद देत नाही.

विजापूरकरांनी बांधलेला हा किल्ला पुढे संगमेश्वरच्या नायकाच्या ताब्यात गेला. नायक हिंदू. त्याच्याकडे सात-आठ गावे आणि सहाशे माणसे. त्याच्यावर 1583 आणि 1585 अशा दोन स्वाऱ्या झाल्या. त्या कुणी केल्या? विजापूर आणि पोर्तुगीज यांनी मिळून! ज्या पोर्तुगिजांनी 1508 साली विजापूरकरांचे दाभोळ बंदर जाळून बेचिराख केले, ज्यांच्या 'कार्ताझ' नावाच्या परवान्यावाचून अरबी समुद्रात हजला जाणारे जहाजही सुरक्षित नसे, त्याच पोर्तुगिजांचा हात धरून मुसलमान बादशाहीचे सैन्य आपणच बांधलेल्या किल्ल्यावर चालून आले. दोन्ही वेळा नायकाने त्यांना परतवून लावले. इंग्रजांनी पुढे गॅझेटियर लिहिले तेव्हा या नायकाला चाचा ठरवले. कान्होजी आंग्र्यांनाही त्यांनी तोच शब्द वापरला. समुद्रावर जो आपला परवाना मानत नाही तो चाचा, हा दर्यावरच्या सर्व सत्तांचा न्याय होता.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या वेळी विजापूरच्या तख्तावर दुसरा इब्राहीम आदिलशाह होता, वयाने अजून पोर. मोठेपणी याच बादशहाने दखनीत 'किताब-ए-नौरस' रचली, तीत सरस्वतीला वंदन केले आणि लोकांनी त्याला जगद्गुरू म्हटले. अशा राजाच्या नावाने हिंदू नायकावर स्वारी होते, यात धर्मयुद्ध कुठे शोधायचे? भांडण जकातीचे होते.

पुढचा अध्यायही असाच आहे. 1713 साली बाळाजी विश्वनाथ आणि कान्होजी यांच्यात करार झाला. कान्होजींनी शाहू महाराजांचा पक्ष धरला आणि त्यांच्याकडे जे दहा किल्ले राहिले त्यांत जयगड होता. कान्होजी 1729 मध्ये वारले. त्यांच्या मुलांत फूट पडली. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानेना, तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. 1755 मध्ये सुवर्णदुर्ग पडला, 1756 मध्ये विजयदुर्ग पडला आणि आंग्र्यांचे आरमार जळून गेले. मराठ्यांचे आरमार मराठ्यांच्याच संमतीने जळाले. 1583 मध्ये विजापूरने परक्याला बोलावले, 1755 मध्ये पुण्याने. ज्यांना बोलावले ते पाहुणे मात्र घरधनी होऊन बसले. 1818 च्या जूनमध्ये जयगड इंग्रजांच्या ताब्यात गेला.

हा झाला राजांचा हिशेब. पण किल्ला राजे चालवीत नाहीत. तो चालवतात तट रचणारे गवंडी, तोफा डागणारे गोलंदाज, होड्या वल्हवणारे खलाशी. या माणसांची नावे दप्तरात क्वचितच सापडतात, त्यांचे शब्द मात्र शिल्लक आहेत. 'खंदक' म्हटले की आपल्याला मदिनेचा खंदक आठवतो, 'बुरूज' म्हटले की कुरआनातली सूरे बुरूज. 'किल्ला' अरबी, 'दरवाजा' फारसी. 'खलाशी', 'सुकाणू' आणि 'मोसमी वारा' यांतला मोसम, हे शब्द अरबांच्या जहाजांबरोबर आले. 'नाखवा' म्हणजे फारसीतला नाखुदा, 'सारंग' म्हणजे सरहंग. आणि 'आरमार' हा शब्द पोर्तुगिजांच्या अर्माडातून आला, असे म्हणतात. कोकणात नाखवा, सारंग, तांडेल ही आडनावे कोळ्यांच्या-हिंदूंच्या घरांवर आहेत, तशीच मुसलमानांच्या घरांवरही आहेत. दालदी आणि कोळी एकाच खाडीत जाळे टाकत आले. वादळ आले तर ते दोघांनाही एकत्रच गाठणार.

शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता. 1679 साली खांदेरीच्या लढाईत मराठ्यांच्या गलबतांचे नेतृत्व त्याने केले आणि बेटावरच्या बांधकामाची जबाबदारी मायनाक भंडारी यांच्यावर होती. त्या लढाईत इंग्रजांच्या जोडीला जंजिऱ्याचा सिद्दी उतरला होता. म्हणजे मुसलमान दोन्ही बाजूंना होते. दौलतखानाला 'चांगला मुसलमान' म्हणून वेगळे काढून मिरवायचे आणि सिद्दीला सगळ्या मुसलमानांच्या माथी मारायचे, हे काही खरे नव्हे. दोघेही आपापल्या धन्याचे मीठ खाऊन लढत होते, जसे त्या काळी सगळेच लढत.

जयगडच्या नावाची दंतकथा प्रसिद्ध आहे. बांधकाम पुन्हा पुन्हा ढासळू लागले, तेव्हा जयबा नावाच्या मुलाने आपला बळी देऊ केला आणि मगच तट उभा राहिला. किल्ल्यात त्याचे स्मारक आहे. कथा खरी की खोटी हा वाद बाजूला ठेवू. तिच्यात एक कडवट सत्य आहेच. ज्या शेकडो हातांनी हे दगड रचले त्यांतल्या एकाचेच नाव किल्ल्याला मिळाले, तेही त्याने जीव दिला म्हणून. आम्हाला विचाराल तर जयगडचा खरा मालक तोच. जयबा आणि त्याच्यासारखे अनाम.

किल्ल्याचे महत्त्व सरले तरी बंदर जिवंत राहिले. मुंबईच्या आगबोटी जयगडला थांबत, आणि त्यांत बसून कोकणचा माणूस गोदीत, गिरणीत, परदेशी जहाजांवर पोटासाठी गेला. मग आखाताची वाट उघडली. आज जयगडला 1200 मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे आणि 2009 पासून मोठे बंदर सुरू आहे. ज्या खाडीच्या तोंडावर सहाशे माणसांचा नायक दोन सत्तांना पुरून उरला, तिथे आता कोळशाची जहाजे लागतात. घरोघरी मनीऑर्डरी आल्या, पक्की घरे आली, मुले इंग्रजी शाळेत गेली. पण आजोबांना वारा, भरती-ओहोटी आणि चांदण्यांची जी ओळख होती ती नातवाकडे आली नाही. ज्याच्याजवळ आपल्या घरचा इतिहास नसतो, त्याच्या हातात दुसरा कुणीही कसलाही इतिहास ठेवू शकतो.

म्हणून आमची विनंती साधी आहे. मुलांना जयगड दाखवा. कुठल्याही पक्षाचा झेंडा हातात न घेता दाखवा. गावातले जे वृद्ध तांडेल, नाखवे अजून आहेत त्यांना बोलते करा, त्यांचे शब्द वहीत उतरवून घ्या. पेटाऱ्यात जुनी कागदपत्रे असतील, एखादी सनद, जहाजावरच्या नोकरीचे पुस्तक, तर वाळवीच्या आधी अभ्यासकाच्या हाती पडू द्या. आणि कुणी विचारले, हा किल्ला कुणाचा, तर भांडू नका. ज्यांनी बांधला, राखला आणि ज्यांनी त्याच्या सावलीत जाळी विणली, त्या सर्वांचा, म्हणून आपलाही, असे शांतपणे सांगा. एवढे सांगता येण्यासाठी तो आधी माहीत मात्र असायला हवा.