मोटारींतील गारव्याचा इतिहास

बीड जिल्ह्यांतील आष्टी हा पर्जन्यछायेंतील तालुका. (ज्या आष्टीच्या रणांत १८१८ सालीं बापू गोखले पडले ती आष्टी सोलापूर जिल्ह्यांतील, नामसाम्यामुळें पुष्कळांची गल्लत होते.) १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. पुढें राज्यें बदललीं, परंतु वैशाखाचें ऊन कांहीं बदललें नाहीं. २०२२ च्या सप्टेंबरांत नगरपासून आष्टीपर्यंत ६६ किलोमीटरांचा लोहमार्ग सुरू झाला खरा. तथापि भर दुपारीं एखादी बाळंतीण अथवा अत्यवस्थ म्हातारा नगरास न्यावयाचा झाला, कीं मोटारीचाच आश्रय करावा लागतो. अशा वेळीं गाडींतील थंड हवेचें यंत्र ही चैन राहत नाहीं. आणि नेमकी तेव्हांच झरोक्यांतून भट्टीसारखी झळ येऊं लागली, तर दोष कोठें शोधावा? या यंत्राचा जन्म कसा झाला हें ज्यास ठाऊक आहे, त्यास हा प्रश्न फारसा अवघड वाटूं नये.

गारव्याचें मूळ तत्त्व आपल्या माजघरांतल्या माठांत आहे. माठ पाझरतो, पाझरलेलें पाणी वाऱ्यानें उडून जातें, आणि जातांना आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातें. वाळ्याच्या भिजविलेल्या ताट्यांचें मर्म हेंच. अकबराच्या काळीं वाळ्याच्या खोल्या करीत व सोऱ्याच्या साहाय्यानें पाणी थंड करीत, हें अबुल फजलानें ‘आईन-इ-अकबरी’ंत नमूद केलें आहे. १७४८ सालीं ग्लासगो येथें विल्यम कलेन यानें हवा काढलेल्या भांड्यांत ईथर उडवून कृत्रिम रीतीनें थंडी उत्पन्न करून दाखविली. परंतु उडालेला द्रव परत कसा मिळवावयाचा? तें कोडें १८३४ सालच्या जेकब पर्किन्सच्या यंत्रानें सोडविलें: वाफ दाबावी, दाबून तापलेली वाफ बाहेर थंड करून तिचा पुन्हां द्रव करावा, आणि तोच द्रव पुन्हां उडवावा. तात्पर्य, हें यंत्र थंडी निर्माण करीत नाहीं. तें आंतली उष्णता उचलून बाहेर टाकतें. तें एक प्रकारचें हमालच होय.

आपल्याकडे मात्र दीर्घकाळ बर्फावरच भिस्त होती. १८३३ सालीं अमेरिकेंतील बोस्टनहून बर्फाचें जहाज कलकत्त्यास आलें! मुंबईहून पेशावरकडे जाणाऱ्या फ्रंटिअर मेलला १९३४ सालीं थंड हवेचा डबा जोडण्यांत आला, तेव्हांही डब्याच्या तळाशीं बर्फाच्या लाद्या ठेवून त्यांवरून पंख्यानें हवा आंत सोडीत आणि वाटेंतल्या स्थानकांवर विरघळलेल्या लाद्यांच्या जागीं नव्या भरीत.

मोटारींत कारखान्यांतच यंत्र बसवून देण्याचा मान अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीच्या १९४० च्या गाड्यांकडे जातो. त्या यंत्रानें मागील सामानाची बरीचशी जागा अडविली होती. आणि गंमत अशी कीं, तें बंद करावयाचें झाल्यास गाडी थांबवून, झांकण उघडून, कॉम्प्रेसरचा पट्टा काढून ठेवावा लागे. स्वाभाविकच तो प्रयोग दोन वर्षांत आटोपला. १९५४ सालीं नॅश कंपनीनें सर्व यंत्र पुढच्या बाजूस आटोपशीर बसविलें. पट्टा हातानें काढण्याचें काम पुढें विद्युच्चुंबकी क्लचकडे आलें.

आजच्या यंत्राची परीक्षा प्रथम याच क्लचपाशीं करावी. गाडी सुरू ठेवून कळ दाबली असतां ‘टक्’ असा आवाज होऊन कॉम्प्रेसरचें तोंड फिरूं लागतें कीं नाहीं, हें पाहावें. न फिरल्यास फ्यूज, रिले आणि तारा पाहाव्या. कारण चार पैशांच्या फ्यूजपायीं शेंकडों रुपयांचा गॅस भरला गेल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. फिरत असल्यास पुढील जाळीकडे, म्हणजे कंडेन्सरकडे वळावें. हमालानें ओझें येथेंच उतरावयाचें असतें. काळ्या मातीची धूळ आणि सुगीचें भूस जाळींत बसलें, तर ओझें उतरतच नाहीं. जाळी बेताच्या पाण्यानें धुतली तरी पुष्कळदां काम भागतें. गाडी पळतांना गार आणि थांबतांच गरम असें होत असेल, तर जाळीचा पंखा बहुधा फिरत नाहीं. आंतून परतणारी जाड नळी हातास गार लागते, तरीही झरोक्यांतून ऊन वारा येतो? मग इंजिनाच्या गरम पाण्याकडील पडदा अडकला असला पाहिजे. एवढें सारें पाहून झाल्यावरच गॅसचा विचार करावा.

हल्लींची रीत मात्र उलटी दिसते. गाडी दारांत आली कीं आधीं गॅस! वास्तविक गॅस हें पेट्रोल नव्हे. तें जळून संपत नाहीं. कमी झालें याचा अर्थ कोठें तरी गळती आहे. गॅसबरोबर तेलही झिरपतें, म्हणून सांध्यांवर तेलकट धुळीचे डाग शोधावे व तेथें साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहावें. गळती न बुजवितां भरलेला गॅस कांहीं आठवड्यांत आकाशांत जातो, आणि भाड्याच्या गाडीवर पोट असणाऱ्याचे पैसेही त्याच्याबरोबर जातात.

आकाशाचीही हानि होते, ती निराळी. १९३० च्या सुमारास टॉमस मिजली आणि त्याचे सहकारी यांनीं शोधलेला आर-१२ हा वायु बिनविषारी म्हणून वाखाणला गेला. पण अशा वायूंनीं ओझोनचें कवच झिजतें हें १९७४ सालीं मोलिना व रोलंड यांनीं दाखविलें, आणि १९८७ च्या मॉन्ट्रिअल करारान्वयें तो क्रमाक्रमानें बंद झाला. त्याच्या जागीं आलेला आर-१३४ए ओझोनास अपाय करीत नाहीं. तथापि वजनास वजन धरतां पृथ्वी तापविण्यांत तो कर्बवायूच्या सुमारें १,४०० पट प्रखर आहे. त्याचा व तत्सम वायूंचा वापर घटविण्याच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीस भारतानें २०२१ सालीं मान्यता दिली.

म्हणून जाणता मिस्त्री उरलेला गॅस हवेंत न सोडतां यंत्रानें काढून घेतो, सांधा दुरुस्त करतो, पंपानें नळ्यांतील हवा व ओल ओढून घेतो, आणि तो निर्वात दाब टिकतो कीं नाहीं हें कांट्याकडे पाहत कांहीं वेळ थांबून तपासतो. मगच तो गाडीवरच्या चिठ्ठींत लिहिलेल्या वजनाइतका, लहान गाडीस सामान्यतः अर्ध्या किलोच्या आसपास, गॅस तोलून भरतो. तोलावयाचा तो एवढ्यासाठीं, कीं जास्त भरल्यानेंही झरोक्यांतून गरमच वारा येतो.