जुन्या मोटारीची गिअर-पेटी

मोटार नादुरुस्त झाली म्हणजे आपण सहज म्हणतो, 'नवा भाग आणून बसवा.' हें वाक्य आज इतकें सोपें झालें आहे, यामागें मोठा इतिहास आहे. आणि मोटार फार जुनी असली, कीं तो इतिहास उलट पावलीं चालूं लागतो.

१८९१ सालीं फ्रान्समधील पनार-लव्हासॉर कारखान्याच्या एमिल लव्हासॉर यांनीं इंजिन पुढें, त्यामागें क्लच व दंतचक्रें, अशी जी मांडणी केली, तीच पुढें जगभर रूढ झाली. चढावर इंजिन वेगानें फिरतें ठेवून मोटारीचीं चाकें सावकाश पण जोरानें फिरवावयाचीं, हें या दंतचक्रांचें काम. आरंभीं तीं उघडींच असत. मागाहून पेटींत बंद झालीं. तीं दांड्यावर सरकवून एकमेकांत अडकवावीं लागत. दोहोंची गति जुळली नाहीं, तर दांत्यांवर दांते आदळून त्यांच्या कडा झडत. ही गति आपोआप जुळविणारी योजना कॅडिलॅक मोटारींत १९२८ सालीं आली. तोंवर सारी भिस्त चालकाच्या कानांवर आणि पायांवर होती.

त्या आरंभींच्या काळांत पुष्कळ कारखान्यांत प्रत्येक भाग कानशीनें घासून जोडीच्या भागाशीं जुळवीत. एका मोटारीचा भाग दुसरीस बसेलच, असा भरंवसा नसे. १९०८ सालीं इंग्लंडांत रॉयल ऑटोमोबाईल क्लबच्या देखरेखीखालीं तीन कॅडिलॅक मोटारी पूर्ण खोलून त्यांचे भाग एकत्र मिसळले गेले. त्यांतील ८९ भाग काढून कोठारांतील नवे घातले, आणि केवळ पाने व पेचकस यांच्या साहाय्यानें मोटारी पुन्हां उभ्या केल्या. त्यानंतर त्या ब्रुकलंड्सच्या धांवपट्टीवर ५०० मैल धांवल्या. कानस हरली, अचूक माप जिंकलें.

परंतु कारखान्यानें ते भाग करणें थांबविलें आणि कोठारही रिकामें झालें, म्हणजे काय करावें? तेव्हां लेथवरचा कारागीरच पुन्हां उपयोगीं पडतो. तो पेटी उघडतो, दांते मोजतो, मायक्रोमीटरनें व्यास घेतो. येथें एक फसगत संभवते. झिजलेल्या दांत्याचें माप जसेंच्या तसें घेतलें, तर जुनी झीजच नव्या चाकांत उतरते. म्हणून चाकाचा जो भाग कधीं घासलाच गेला नाहीं, तो तो शोधतो. दोन दांड्यांमधील अंतर व दोन्ही चाकांच्या दांत्यांची संख्या यांवरून मूळ माप गणितानें काढतो. मग योग्य जातीचें पोलाद कातावयाचें, दांते पाडावयाचे, पाणी देऊन तें कठीण करावयाचें. त्या उष्णतेनें चाक किंचित् वांकतें. म्हणून शेवटीं पुन्हां घासून मापास आणावयाचें.

मूळ आराखडे हरवले असतां झिजलेलें चाक हाच एक दस्तऐवज उरतो. तो वाचणारा कोणी नसेल, तर सबंध मोटार मोडीची धनी होते. सुट्या भागांच्या सुबत्तेनें ज्या कारागिराची गरज संपली असें वाटलें, त्याच्याच हातीं आज या जुन्या मोटारींचें आयुष्य आहे. म्हणून जुनें चाक मोडींत टाकण्यापूर्वीं, निदान त्याचीं मापें तरी लिहून ठेवावीं.