फोर्ड 'टी' गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल : एका जोडणीचा इतिहास

जानेवारी 2023 मध्ये आपल्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. लोकांनी पितळी दिवे पाहिले, रंग पाहिले, फोटो काढले. पण खाली वाकून पुढचा अ‍ॅक्सल पाहणारे फार थोडे. म्हणून यंदा स्मरणिकेत त्याच्याविषयी लिहीत आहोत.

पुढचा अ‍ॅक्सल हा बैलगाडीच्या आखाचाच वारस. फरक वळणाचा. जुन्या चारचाकी बग्गीत मधल्या खिळ्यावर सगळा आखच फिरे. आखूड वळणावर बग्गी कलंडायची भीती असे. आख जागेवर ठेवून फक्त दोन टोकांची चाके वळवायची, ही युक्ती म्युनिकच्या लांकेनस्पर्गरची. तिचे पेटंट 1818 साली लंडनमध्ये अ‍ॅकरमनने घेतले आणि नाव त्याचेच राहिले. ज्या खिळ्यांवर ही चाके वळतात, त्यांनाच कारखान्यात किंगपिन म्हणतात.

फोर्डची 'मॉडेल टी' 1908 साली आली आणि 1927 पर्यंत दीड कोटी गाड्या निघाल्या. भारतात येणाऱ्या बहुतेक फोर्ड कॅनडाच्या कारखान्यातल्या, उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या. पुढे 1928 साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला. पेटीतून सुटे भाग आणून इथल्या हातांनी गाडी उभी करायची, हे काम मुंबईच्या कामगारांना तेव्हापासून परिचयाचे.

'टी'ची पुढची बाजू अगदी साधी. दोन्ही बाजूंना वेगळे पाटे नाहीत. अ‍ॅक्सलच्या वर एकच आडवा पाटा, मध्यभागी चासीला यू-बोल्टने आवळलेला. अ‍ॅक्सलच्या दोन टोकांपासून दोन दांड्या मागे जातात आणि इंजिनखाली एका गोळ्यात मिळतात. झाली तिवई. तीन पायांची तिवई उंचसखल जमिनीवरही डुगडुगत नाही. एक चाक दगडावर चढले तरी चासीला पीळ बसत नाही. खेड्यातल्या रस्त्यांवर ही गाडी टिकली ती याच कारणाने.

आम्ही डिप्लोमाच्या वेळचे चार मित्र, आता सगळे सरकारी नोकरीत, रविवारी अशाच एका 'टी'च्या जोडणीला हातभार लावत होतो. भाग धुतल्यावर अ‍ॅक्सलवर निळसर काळा डाग दिसला. पूर्वी कोणीतरी गॅसच्या ज्योतीने तापवून वाक काढला होता. हा अ‍ॅक्सल व्हॅनेडियम पोलादाचा, कारखान्यातच उष्णतेने पाणी दिलेला. वाकला तर थंडच सरळ करा, तापवू नका, तापवल्याने धातू कमजोर होतो, असे फोर्डची पुस्तिकाच सांगते.

मालकांची इच्छा होती की गणपतीच्या मिरवणुकीत मुलांना याच गाडीतून फिरवावे, आणि मूळचा भाग बदलू नये. दोन्ही इच्छा रास्त होत्या, पण एकत्र पुऱ्या होण्यासारख्या नव्हत्या. आम्ही म्हटले, दीड कोटी गाड्यांतला दुसरा अ‍ॅक्सलही फोर्डचाच असतो. बऱ्याच चर्चेनंतर त्यांनी मान्य केले. जुना अ‍ॅक्सल चिठ्ठी बांधून गॅरेजच्या भिंतीला टांगला आहे.

मग जोडणी. पाट्याची पाने घासून, मध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावून बांधली. शॅकल बसवले. किंगपिनचे नवे पितळी बुश वरखाली एकाच रेषेत रीमरने काढले. रेषा चुकली तर पिन अडकते आणि स्टिअरिंग जड होते. किंगपिनचे डोके किंचित मागे झुकलेले हवे, नाहीतर गाडी सरळ चालत नाही. चाके वरून खालच्यापेक्षा सुमारे 3 इंच फाकलेली हवीत, म्हणजे टायर किंगपिनच्या रेषेजवळ टेकतो आणि वळवणे हलके जाते. पुढून मात्र ती पाव इंचापेक्षा जास्त आत वळलेली नकोत. शेवटी मागच्या गोळ्याच्या बोल्टांतून तार ओवली. ती तार दोन रुपयांचीही नसेल. पण बोल्ट सुटून गोळा निसटला तर अ‍ॅक्सल मागे वळतो आणि गाडी हाताबाहेर जाते. पुढच्या चाकांना ब्रेक नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

वाचकहो, 1890 साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढले ते हाताच्या विद्येला मान मिळावा म्हणून. आज आपल्या घरांतून अशी विद्या असलेले आजोबा, काका कमी होत चालले आहेत. कोणाच्या माळ्यावर जुनी हत्यारे, मोजमापांची वही किंवा गाडीची पुस्तिका असेल, तर ती भंगारवाल्याला देण्यापूर्वी मंडळात एकदा दाखवा. आणि घरात असे आजोबा असतील, तर त्यांच्याजवळ बसून विचारून घ्या. लोखंड पुन्हा मिळते. कुठला बोल्ट किती आवळायचा हे सांगणारे मिळत नाहीत.