धुराची वाट

गोंडपिपरीकडच्या जुन्या घरांना चिमणी नव्हती, कारण अख्खं छप्परच चिमणी होतं. मातीच्या भिंती, वर बांबू आणि फाटे, त्यावर कवेलू. कवेलू एकमेकांवर नुसती टेकवलेली असतात, चिकटवलेली नसतात. खाली चूल पेटली की शंभर फटींतून धूर झिरपत बाहेर पडायचा. हिवाळ्याच्या सकाळी सगळं गाव उकळतंय असं वाटायचं. त्या धुराचा उपयोगही होता. बांबूला भुंगा लागत नसे, चुलीवर टांगलेलं बियाणं किडत नसे. किंमत मोजायची ती चुलीपाशी बसणारीनं. डोळे चोळत, फुंकणी फुंकत आणि चाळिशीतच खोकत.

घरातल्या चुलीचा धूर बाहेर कसा काढायचा, या प्रश्नाला आपल्याच विदर्भात मोठा इतिहास आहे, हे मला बरंच उशिरा कळलं. शाळेत आपण मिठाचा सत्याग्रह शिकतो, चूल कुणी शिकवत नाही.

१९३४ साली गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचं ठाणं वर्ध्याचं मगनवाडी, सूत्रधार जे. सी. कुमारप्पा. तेलघाणी, हातकागद, मधमाशी अशा कामांबरोबर तिथे चुलीवरही काम झालं आणि १९४७च्या सुमारास 'मगन चूल' लोकांपुढे आली. मातीचीच चूल, पण जाळ एका भांड्याखालून दुसऱ्याकडे नेणारी आणि उरलेला धूर नळीतून छपराबाहेर सोडणारी. काही वर्षांतच हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतून डॉ. एस. पी. राजू यांनी अशीच धूरविरहित चूल मांडली. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९५३चं. गोंडपिपरी तालुक्याच्या दक्षिणेला वर्धा नदी वाहते. तिच्या पलीकडे तेव्हा हैदराबाद राज्य होतं. म्हणजे एका बाजूला वर्धा, दुसऱ्या बाजूला हैदराबाद, दोन्हीकडे धुरावर डोकं चालवलं जात होतं, आणि मधल्या जंगलपट्टीतल्या बायका फुंकणी फुंकत होत्या.

नळीचं काम ऐकायला सोपं आहे. गरम हवा हलकी असते, ती वर चढते आणि मागची हवा ओढून घेते. नळी जितकी सरळ आणि उंच, तितकी ओढ चांगली. तिचं तोंड आढ्याच्या वर हवं, नाहीतर वारा छपरावरून उलटा खाली येतो आणि धूर घरात ढकलतो. पाऊस आत पडू नये म्हणून वर टोपी हवी. नळी बांबूच्या छपरातून जाते तिथे बांबूपासून मोकळी हवी, नाहीतर एक दिवस छप्परच पेट घेईल. आणि तिच्यात काजळी साचते, ती काढायला हवी. हे शेवटचं वाक्य विसरू नका, पुढचा सगळा इतिहास त्याच्यापाशी अडतो.

१९८३ साली किर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातच्या चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासातला धूर प्रत्यक्ष मोजून प्रसिद्ध केला. त्याच सुमाराला केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ मध्ये तो गुंडाळला गेला, तोवर सरकारी आकड्यांप्रमाणे तीन कोटींहून जास्त चुली वाटल्या गेल्या होत्या. चूल बसवली की अनुदान मिळे, उद्दिष्ट पूर्ण होई. नंतर ती नळी कोण झाडतं, ती तुटली तर नवी कुठून येते, याचा रकाना कागदावर नव्हता. आमच्याकडच्या एका काकूंना मी विचारलं, तेव्हा त्या हसल्या. "नळी साफ कराले कवेलूवर कोन चढते बाप्पा? अन् चढलं का कवेलू फुटते." माझ्या मते त्या कार्यक्रमाचं यापेक्षा नेमकं परीक्षण कुणी केलेलं नाही.

अर्थतज्ज्ञांनी मात्र मोजून तेच सांगितलं. ओडिशात रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकल ग्रीनस्टोन यांनी चिमणीच्या चुली मिळालेली घरं चार वर्षांपर्यंत पाहिली. पहिल्या वर्षी धूर कमी झाला, पुढे फरक उरला नाही. चुली फुटल्या, नळ्या तुंबल्या, कुणी दुरुस्त केल्या नाहीत. उलट ग्वाटेमालातल्या एका अभ्यासात माणसं दर आठवड्याला घरी जाऊन चूल तपासत. २०११ साली त्याचे निष्कर्ष आले: मुलांच्या श्वासात जाणारा धूर निम्म्यावर आला आणि तीव्र न्यूमोनिया जवळपास एक तृतीयांशाने घटला. एकूण न्यूमोनियाबद्दल इतकं ठामपणे म्हणता आलं नाही, हेही खरं. पण आमच्या शेजारच्या गडचिरोलीत न्यूमोनिया म्हणजे काय, हे सांगायला नको. अभय आणि राणी बंग यांनी १९८८ पासून गावातल्याच माणसांना तो ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं, कारण लहान मुलं त्यानेच जात होती.

पेलेट आले ते यानंतर. भुसा, शेंगांची टरफलं, उसाचं चिपाड दाबून केलेल्या बोटाएवढ्या कांड्या. अमेरिकेत १९८०च्या दशकात पेलेटवर चालणाऱ्या घरगुती शेगड्या निघाल्या. त्यांत पंखा असतो, तो धूर जोराने बाहेर ढकलतो. म्हणून तिथे ज्योतीपेक्षा नळीचेच नियम जास्त: प्रत्येक सांधा हवाबंद, कारण फटीतून धूर घरात येतो, नळीचं तोंड खिडकीजवळ नको, लाकडी भिंतीपासून ठरलेलं अंतर, घरात कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र, राख आणि काजळी वेळच्या वेळी साफ. हा वायू दिसत नाही, वासही येत नाही, झोपलेला माणूस उठतच नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपू नये, असं म्हातारी माणसं सांगत ती याचसाठी.

आपल्याकडे आलेली पेलेटची शेगडी मात्र बिननळीची. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्रावर बीपी कंपनीने 'ऊर्जा' शेगडी काढली, २००९ नंतर ती पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडे गेली. बॅटरीवरचा छोटा पंखा, जाळ इतका स्वच्छ की चिमणीची गरज नाही असा हिशेब. लाखांनी विकली गेली. मग शेतातल्या कचऱ्याला कारखान्यांचं गिऱ्हाईक मिळालं, पेलेट महाग झाले आणि कंपनी हॉटेलांकडे वळली. आता तर कोळशावरच्या वीज केंद्रांनाही पेलेट मिसळायचं धोरण आहे. ज्या पऱ्हाट्या आणि धानाचा कोंडा आमच्याकडे चुलीत जातो, त्याला बॉयलरचा भाव आला. चंद्रपूरच्या केंद्राच्या चिमण्या शेकडो फूट उंच आहेत, आणि त्या झाडायला पगारी माणसं आहेत.

दरम्यान आमचं छप्पर बदललं. कवेलू गेली, पत्रे आले, घरकुलांना स्लॅब पडला. स्लॅबला फटी नसतात. २०१६ नंतर उज्ज्वलाचा गॅस आला. चहा, भाजी त्यावर होते. पण आंघोळीचं पाणी, कोंबड्यांचा खुडा, लग्नाचा भात चुलीवरच, कारण सिलिंडर पैशाला मिळतो आणि सरपण पायाला. ते आणायला बाई जंगलात जाते आणि चंद्रपूरच्या जंगलात वाघ आहे, हे लक्षात घेऊनच हा हिशेब करायचा.

त्यामुळे आता बहुतेक घरांत गॅस आत आणि चूल मागच्या ताट्यांच्या आडोशाला. योजनेशिवाय, अनुदानाशिवाय लोकांनीच काढलेली ही वाट, आणि मला ती मगन चुलीनंतरची सगळ्यात शहाणी वाटते. फक्त ती आठ महिन्यांची आहे. जूनमध्ये पाऊस लागला, आडोसा गळायला लागला, की चूल उचलून स्लॅबखाली येते आणि ओलं सरपण पेटत नाही म्हणून काकू परत फुंकणी शोधतात.